चिमणीच्या तोंडाशी मोजा

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्रातून बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड आणि राज्य सरकारची जबाबदारी.

महोदय,



हे पत्र खरे तर दिल्लीला जायला हवे, असे आपल्या कार्यालयातले कुणी म्हणेल. कोळशावर चालणाऱ्या बहुतेक वीजकेंद्रांना धुरातले गंधक धुऊन काढण्याच्या बंधनातून मोकळे करणारी ११ जुलै २०२५ ची अधिसूचना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काढली, महाराष्ट्राने नव्हे. तरीही पत्र आपल्याच नावे लिहितो आहे. चंद्रपूरचे केंद्र महानिर्मितीचे आणि महानिर्मिती राज्य सरकारच्या मालकीची. ऊर्जा खातेही आपल्याच हाती. शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्याचे आहे, आणि पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ प्रमाणे केंद्राने ठरवलेल्या मानकांपेक्षा कडक मानके लावायचा अधिकार राज्याच्या मंडळाला आहे. केंद्र सरकारने बहुतेकांना सूट दिली आहे, मनाई केलेली नाही. त्यामुळे चंद्रपूरच्या धुराचे काय करायचे, हा प्रश्न आता मालकाचा आहे आणि मालक आपण आहात.

आपण नागपूरचे. चंद्रपूरची हवा कशी आहे हे आपल्याला वेगळे सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्या खालोखाल आमचा नंबर लागला. पुढच्या वर्षी इथे नवे उद्योग आणि विस्तार यांवर काही काळ बंदीही आली. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीतही चंद्रपूर आहे. शहरालगत २,९२० मेगावॉटचे केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, पलीकडे सिमेंटचे कारखाने. या सगळ्यात केंद्राचा वाटा नेमका किती, यावर वाद होऊ शकतो. पण केंद्राच्या चिमणीतून काय बाहेर पडते आणि त्यातले काय अडवता येते, यावर वाद नाही. मला बोलायचे आहे ते तेवढ्याबद्दलच.

आधी यंत्राबद्दल थोडे, कारण या विषयावरच्या बातम्यांत ‘एफजीडी’ (धुरातले गंधक काढणारी यंत्रणा) ही तीन अक्षरे येतात आणि वाचणारा पुढच्या बातमीकडे वळतो. कोळशात थोडे गंधक असते. कोळसा जळला की त्याचा सल्फर डायऑक्साइड वायू होतो. धुरातली राख पकडायला केंद्रात विजेवर चालणारी ईएसपी यंत्रणा असते. ती कण पकडते, पण हा वायू तिच्यातून तसाच निघून जातो. वायूसाठी वेगळा मनोरा लागतो, त्याला वेट स्क्रबर म्हणतात. धूर खालून वर जातो आणि वरून चुनखडीच्या बारीक भुकटीचे पाणी फवाऱ्यांनी त्यावर पडत राहते. वायू पाण्यात विरघळतो, चुनखडीशी त्याची क्रिया होते, खाली हवा सोडली की त्याचे जिप्सम बनते. नीट चालवला तर असा मनोरा धुरातला ९५ टक्क्यांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड काढून घेतो. यात नवे किंवा प्रायोगिक काही नाही. लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रात १९३० च्या दशकातच धूर पाण्याने धुतला जात होता.

आता वेळापत्रक पाहा. ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी पहिल्यांदाच सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली. ५०० मेगावॉट आणि त्याहून मोठ्या संचांना घनमीटरमागे २०० मिलिग्रॅम, त्याहून लहान जुन्या संचांना ६०० आणि २०१७ नंतरच्या नव्या संचांना १००. मुदत दोन वर्षांची होती. ती संपताच २०२२ पर्यंत वाढवली गेली. मग एप्रिल २०२१ मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे गट पाडून शेवटची तारीख २०२४ वर नेली. सप्टेंबर २०२२ मध्ये ती २०२६ झाली, ३० डिसेंबर २०२४ ला २०२९ झाली आणि त्यानंतर सात महिन्यांच्या आत ‘क’ गटाला सूटच मिळाली. देशातली सुमारे ७८ टक्के केंद्रे या ‘क’ गटात आहेत. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांच्या दहा किलोमीटरच्या आतल्या ‘अ’ गटाला डिसेंबर २०२७ ची मुदत ठेवली आहे. अतिप्रदूषित पट्ट्यांजवळच्या ‘ब’ गटाचा निर्णय प्रत्येक केंद्राचा वेगळा विचार करून तज्ज्ञ समितीने करायचा आहे. चंद्रपूर या ‘ब’ गटात येते. म्हणजे आम्हाला सूट नाही आणि बंधनही नाही. दहा वर्षांत देशातल्या ५३७ संचांपैकी स्क्रबर लागले ते चाळिसाच्या आसपास. ज्यांनी खर्च केला ते मूर्ख ठरले आणि जे थांबले त्यांना बक्षीस मिळाले. यापुढे कोणती कंपनी कोणती मुदत गांभीर्याने घेईल?

या सवलतीमागे दिलेली कारणे मी एकेक करून घेतो. ती सगळीच खोटी नाहीत, म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे.

पहिले कारण असे की, देशातल्या शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइड आधीच मर्यादेत आहे. हे खरे आहे. हवेतली मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ८० मायक्रोग्रॅम आहे आणि बहुतेक शहरांतले आकडे त्याच्या बरेच खाली असतात. स्क्रबर असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांभोवती मोठा फरक दिसत नाही, असेही अभ्यासांत आले. नीती आयोगासाठी असा अभ्यास ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने केला, आणि नीरीचे मुख्यालय आपल्याच गावी आहे. पण या युक्तिवादात मोजायची जागा आणि मोजायची वस्तू दोन्ही बदलल्या आहेत. २०१५ चा नियम चिमणीतून काय निघते त्याबद्दल होता. सूट देताना मात्र जमिनीवर काय सापडते ते पाहिले गेले. चिमणीतून निघालेला सल्फर डायऑक्साइड एखाद-दोन दिवसांत वायू राहत नाही. हवेत त्याचे सल्फेट होते, शेतातल्या आणि गोठ्यातल्या अमोनियाशी जोडले जाऊन अमोनियम सल्फेटचे अतिसूक्ष्म कण होतात आणि ते पीएम २.५ मध्ये मोजले जातात. वायू मोजणाऱ्या यंत्रावर तो दिसेनासा होतो, कण मोजणाऱ्या यंत्रावर तोच दुसऱ्या नावाने येतो. मग वायू कमी आहे म्हणून समाधान मानायचे आणि कण वाढले की रस्त्यावरच्या धुळीकडे बोट दाखवायचे, असा हिशेब होतो. पीएम २.५ चा प्रश्न आहे हे सरकार मान्य करते, स्वच्छ हवा कार्यक्रमही त्याचसाठी आहे. मग त्या कणांचा कच्चा माल जिथे एका जागी, एका नळीतून, मोजता येईल असा बाहेर पडतो, तिथेच त्याला मोकळे सोडण्यात कसली काटकसर?

दुसरे कारण म्हणजे भारतीय कोळशात गंधक कमी असते. हेही खरे, ०.३ ते ०.५ टक्के इतकेच. पण आपला कोळसा राखाळ आहे. त्यात उष्णता कमी, म्हणून तेवढ्याच विजेसाठी तो जास्त जाळावा लागतो. हिशेब कुणालाही करता येईल. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट वीज देतो. युनिटमागे ७०० ग्रॅम कोळसा धरला तर रोज ८,४०० टन कोळसा लागतो. गंधक ०.४ टक्के धरा, म्हणजे ३३-३४ टन. जळल्यावर गंधकाचे वजन दुप्पट होते. थोडे राखेत अडकते असे धरले तरी एका संचामागे दिवसाला ६० टन सल्फर डायऑक्साइड होतो. चंद्रपुरात असे ५०० मेगावॉटचे पाच संच आहेत, शिवाय २१० चे दोन. सगळे एकदम पूर्ण क्षमतेने चालत नाहीत हे मान्य, पण टक्का लहान असला तरी गुणाकार लहान राहत नाही. असा न धुतलेला धूर चिमणीत मोजला तर घनमीटरमागे हजाराहून अधिक मिलिग्रॅम निघतो आणि मर्यादा २०० ची आहे. जगात सर्वाधिक सल्फर डायऑक्साइड सोडणारा देश म्हणून आज भारताचे नाव घेतले जाते, ते या ‘कमी गंधकाच्या’ कोळशावरच.

तिसरे कारण उंच चिमणीचे. मोठ्या संचांच्या चिमण्या २७५ मीटर उंच असतात, त्यामुळे धूर दूरवर पसरून विरळ होतो, असे सांगतात. पसरतो हे नक्की, पण नाहीसा होत नाही. चिमणी जितकी उंच तितका वायूला हवेत राहायला, म्हणजेच कणांत रूपांतर व्हायला जास्त वेळ मिळतो. मग दहा किलोमीटरचे वर्तुळ काढून गट पाडण्याला अर्थ काय उरतो? सल्फेटचे कण शेकडो किलोमीटर जातात. गोंदिया जिल्ह्यातले तिरोड्याचे ३,३०० मेगावॉटचे खासगी केंद्र, नागपूरच्या पूर्वेचे मौदा, मराठवाड्यातले परळी, अकोल्याकडचे पारस यांच्या दहा किलोमीटरच्या आत दहा लाखांचे शहर नाही. पण माणसे आहेत, आणि त्यांचा धूर विरळ होत जिथे जातो तिथेही माणसे आहेत. लहान गावातल्या फुप्फुसाला वेगळे मानक लावावे, असे कोणत्या वैद्यकाच्या पुस्तकात लिहिले आहे, ते आम्हाला कळावे.

चौथे कारण ऐकून मी थोडा चक्रावलो. स्क्रबरमुळे कार्बन डायऑक्साइड वाढेल आणि हवामान बदलाला हातभार लागेल, म्हणून तो नको म्हणे. चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो हे रसायनशास्त्र बरोबर आहे, म्हणून त्याचाही हिशेब करू. वरच्या संचातले ५७ टन सल्फर डायऑक्साइड पकडायला, भेसळ धरून, रोज सुमारे १०० टन चुनखडी लागेल. तिच्यातून ३९ टन कार्बन डायऑक्साइड निघेल. तोच संच त्याच दिवशी नुसता कोळसा जाळून जवळपास १२,००० टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे भर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पंप आणि पंख्यांना केंद्राचीच एक ते दीड टक्का वीज लागते, ती वेगळी धरा. बारा हजार टनांची ज्यांना चिंता नाही, त्यांना एकोणचाळीस टनांनी झोप लागू नये, हे पटत नाही. कार्बन कमी करायचा असेल तर त्याचा मार्ग जुने संच बंद करून सौर आणि पवन वीज वाढवणे हा आहे.

पाण्याचा आक्षेप मात्र मी हलक्यात घेत नाही. ओल्या पद्धतीला पाणी लागते आणि चंद्रपूरच्या केंद्राचे पाणी इरई धरणातून येते. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटल्याने इथले संच बंद ठेवावे लागले होते. परळीचे केंद्र २०१३ आणि २०१५ मध्ये पाण्यावाचून थांबले. पण यावरचा तोडगा आपल्याच शहराने दाखवला आहे. नागपुरात भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या केंद्राला देण्याची व्यवस्था झाली. रोज १३ कोटी लिटरचा तो प्रकल्प होता. नागपूरला जमले ते चंद्रपूरला का जमू नये? शहराचे सांडपाणी इरई आणि झरपट नद्यांत जाण्याऐवजी केंद्रात गेले, तर नद्यांचेही भलेच होईल.

पाचवे कारण पैशाचे, आणि खरे कारण बहुधा हेच. देशभर स्क्रबर लावायचे तर अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात खर्च येईल आणि वीज युनिटमागे २५ ते ३० पैशांनी महागेल, असे आकडे दिले गेले. खर्च मोठा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. धुऊन निघालेला धूर थंड आणि ओला असतो, तो जुनी चिमणी आतून गंजवतो. म्हणून चिमणीला आम्लरोधक अस्तर द्यावे लागते किंवा नवी चिमणी बांधावी लागते. जोडणीसाठी संच काही आठवडे बंद ठेवावा लागतो. महानिर्मितीचे अभियंते या अडचणी सांगतात, त्या खऱ्या आहेत. पण आकडा ग्राहकाच्या बिलात उतरवून पाहू. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराला, सगळी वीज कोळशाचीच धरली तरी, २५ ते ३० रुपये. हे पैसे वाचवले असे ज्या घरांना सांगितले जाते, त्याच घरांतली माणसे धुराची किंमत दवाखान्यात देतात. फरक एवढाच की विजेच्या बिलावर ती रक्कम छापावी लागते आणि दवाखान्याच्या बिलावर ‘सल्फर डायऑक्साइडचा आकार’ असा रकाना नसतो. गरीब ग्राहकावर बोजा नको असेल तर सरकारने त्याला अनुदान द्यावे. त्याच्याच नावाने धूर सोडू नये.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार. ती दिल्लीशी नाही, महाराष्ट्राशी आहे. हे यंत्र महाराष्ट्राला नवीन नाही. मुंबईत तुर्भ्याच्या टाटांच्या केंद्रात समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची यंत्रणा १९८० च्या दशकाच्या अखेरीस बसली. देशातल्या अशा पहिल्या यंत्रणांपैकी ती एक. तेव्हा कोळशात गंधक कमी आहे, चिमणी उंच आहे, ही कारणे आड आली नाहीत, कारण खाली मुंबई होती.

डहाणूची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. १९९५ मध्ये तिथले ५०० मेगावॉटचे केंद्र सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. ते गांधीवादी विचारवंत दादा धर्माधिकारींचे चिरंजीव, नागपुरात वकिली केलेले. चिकूच्या बागायतदारांनी आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी गंधकाच्या धुराविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. कंपनी टाळत राहिली, तेव्हा प्राधिकरणाने ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली. अखेर २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. केंद्र बंद पडले नाही, मुंबईची वीज थांबली नाही, कंपनी बुडाली नाही. घोलवडच्या चिकूला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे ठाम अधिकारी, खमकी जनता आणि जप्त होऊ शकेल अशी हमी या तीन गोष्टी असल्या की स्क्रबर लागतो, हे महाराष्ट्राने २००७ मध्येच सिद्ध केले आहे.

चंद्रपूरची वीज कुठे जाते तेही आपल्याला ठाऊक आहे. चंद्रपूरहून पडघ्याला जाणारी ५०० किलोव्होल्टची उच्चदाब एकदिश वाहिनी ७५२ किलोमीटर लांब आहे. १,५०० मेगावॉट वीज विदर्भातून उचलून मुंबई-ठाण्याच्या दाराशी नेता यावी म्हणून ती गेल्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली. राज्याची गरज म्हणून चंद्रपूरने ती स्वीकारली. पण तुर्भ्याला धुतलेला धूर, डहाणूला धुतलेला धूर आणि त्यांच्याही घरी दिवे लावणाऱ्या चंद्रपूरला न धुतलेला, ही वाटणी कोणत्या निकषावर झाली? विदर्भाचा अनुशेष आपण विधानसभेत अनेकदा मांडला आहे. सिंचनाचा मांडला, रस्त्यांचा मांडला. हवेचाही एक अनुशेष आहे, त्याची नोंद घ्यावी.

तक्रारी इथे थांबवतो. आता मागण्या. त्या मोजक्या आहेत आणि बहुतेकांना दिल्लीची परवानगी लागत नाही.

एक. चंद्रपूरच्या केंद्राबाबत तज्ज्ञ समितीसमोर महानिर्मिती काय मांडते, ते मराठीत जाहीर करा. सूट मागायची असेल तर उघडपणे मागा, चंद्रपुरात जनसुनावणी घ्या आणि लोकांना उत्तरे द्या. सूट मागायची नसेल तर ‘राज्य सरकार सवलत घेणार नाही’ एवढे एक वाक्य पुरे.

दोन. ५०० मेगावॉटच्या पाच संचांना वेट स्क्रबर बसवण्याचा तारीखवार कार्यक्रम जाहीर करा. पाचही एकदम नकोत, एकामागून एक घ्या, म्हणजे जोडणीसाठी संच थांबले तरी विजेचा तुटवडा पडणार नाही. २१० मेगावॉटचे दोन संच १९८० च्या दशकातले आहेत. त्यांच्यावर एवढा खर्च करण्यापेक्षा ते कधी बंद करणार ते सांगा. तोवर त्यांच्यासाठी कोरडी भुकटी फवारण्याची स्वस्त पद्धत वापरता येईल. ती वायू कमी पकडते, पण पाणी जवळपास घेत नाही.

तीन. प्रदूषण नियंत्रण मंडळाने आपला अधिकार वापरून चंद्रपूर पट्ट्यासाठी २०१५ चीच मर्यादा संमतिपत्रात अट म्हणून घालावी आणि डहाणूसारखी बँक हमी घ्यावी. सरकारी कंपनीकडून सरकारी मंडळाने हमी घेणे विचित्र वाटेल. पण हमीशिवाय पाळल्या गेलेल्या मुदतीचे एकही उदाहरण या दहा वर्षांत माझ्या पाहण्यात नाही.

चार. चुनखडी आणि जिप्समचे नियोजन आधी करा. या बाबतीत चंद्रपूरइतके सोयीचे ठिकाण देशात क्वचितच असेल. राजुरा आणि कोरपना तालुक्यांत चुनखडीच्या खाणी आहेत. स्क्रबरला लागते तेवढी शुद्ध चुनखडी त्यांतल्या कोणत्या पट्ट्यात आहे, हे तपासून घ्यावे लागेल. गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस इथे सिमेंटचे कारखाने आहेत आणि सिमेंटमध्ये जिप्सम घालावेच लागते. एका संचातून रोज निघणाऱ्या दीडशे टन जिप्समला गिऱ्हाईक तासाभराच्या अंतरावर आहे. हे करार यंत्रणा चालू होण्याआधी व्हायला हवेत. नाहीतर राखेच्या तळ्याशेजारी जिप्समचा नवा ढीग उभा राहील. राखेचा बांध फुटला की काय होते, ते २०२२ च्या पावसाळ्यात कोराडीजवळ खसाळ्याच्या लोकांनी पाहिले आहे.

पाच. यंत्रणा बसवणे आणि ती चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीज वाचवण्यासाठी धूर स्क्रबरला वळसा घालून थेट चिमणीत सोडण्याचा मोह प्रत्येक केंद्राला होतो. चीनमध्ये सुरुवातीला बसवलेले स्क्रबर सर्रास बंद ठेवले जात. मग तिथे धुतलेल्या विजेला प्रतियुनिट जादा दर दिला आणि यंत्र बंद आढळले की तो कापला, तेव्हा ते चालू लागले. आपल्याकडेही वीज नियामक आयोगाने स्क्रबरचा खर्च दरात धरताना तो यंत्रणा चालल्याच्या तासांशी बांधावा. चिमणीतले आकडे सतत मोजणारी यंत्रे केंद्रात आहेतच. ते आकडे ऊर्जानगरच्या फाटकावर आणि महापालिकेच्या चौकात मराठीत फलकावर दाखवा. थर्मलच्या चिमणीतून आत्ता काय निघते आहे, हे तुकूम आणि बाबूपेठच्या माणसाला संकेतस्थळ न उघडता कळले पाहिजे.

सहा. नीरीला एक काम द्या. चंद्रपूर आणि नागपूरच्या हवेतल्या पीएम २.५ मध्ये सल्फेटचा वाटा किती आहे, हे वर्षभर, ऋतूनुसार, नमुने तपासून काढायला सांगा आणि अहवाल जसाच्या तसा प्रसिद्ध करा. वायूचे प्रमाण कमी आहे यावर इतका मोठा निर्णय झाला, तर त्या वायूचे पुढे काय होते हेही एकदा मोजून होऊ द्या. वाटा नगण्य निघाला तर हे पत्र मी मागे घेईन. पण या अभ्यासासाठी वरची कामे अडवून ठेवू नका. मुदती पुढे ढकलण्याचे नवे निमित्त म्हणून अभ्यास नको आहे.

आधी राख आणि धूळ आवरा, गंधकाचे नंतर पाहू, असा सल्ला आपल्याला नक्की दिला जाईल. राख आवरायलाच हवी. ईएसपी नीट चालली पाहिजे, कोळशाचे ट्रक झाकले पाहिजेत, राखेचे तळे ओले राहिले पाहिजे. पण ही कामे गेली पंधरा वर्षे प्रत्येक कृती आराखड्यात ‘आधी’ करायची म्हणूनच लिहिलेली आहेत. ती झाली नाहीत म्हणून दुसरे काम करायचे नाही, हा न्याय फक्त प्रदूषणालाच का लागू होतो, हे समजत नाही.

महोदय, चंद्रपूरसाठी केंद्र सरकारकडे सवलत मागणे आपल्याला कायद्याने पूर्णपणे शक्य आहे. ती मिळाली तर कोणताही नियम मोडणार नाही आणि महानिर्मितीच्या ताळेबंदात काही हजार कोटी वाचल्याचे दिसेल. पण चिमणीच्या तोंडाशी जे निघते तेवढेच निघत राहील. ते २०१५ मध्ये बेकायदा ठरवण्याइतके घातक होते, आणि २०२५ मध्ये त्याच्या घातकपणात एका मिलिग्रॅमचाही फरक पडलेला नाही. बदलला तो फक्त नियम.

महाराष्ट्राने डहाणूत एकदा देशाच्या पुढे जाऊन दाखवले आहे. चंद्रपुरात ते पुन्हा करण्यासाठी लागणारे तंत्र, चुनखडी, जिप्समचे गिऱ्हाईक आणि कायद्याचा अधिकार हे सगळे राज्याच्या हद्दीत आहे. निर्णय तेवढा व्हायचा आहे. तो आपण घ्यावा आणि तारखेसह जाहीर करावा, ही विनंती.

कळावे,

आपला,
चंद्रपूरचा एक वीजग्राहक